लांब पडतं त्याला

"हेल्मेट घालावंच लागेल, आजी. नियम आहे," गोल्फ क्लबच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली आणि तिनं दोन पांढरी हेल्मेटं आणि दोन नारिंगी जाकिटं पुढे सरकवली.

"मी काय खाणीत उतरनार हाय व्हय?" आई म्हणाली. "नवऱ्याला भेटाय चाललीया."

"डोक्याला बॉल लागतो, आजी. मागच्या वर्षी एका काकांना लागला."

"मग बॉल मारनाऱ्यास्नी सांग की बाई, बघून मारा म्हनून. मरून पडलेल्या मानसानं कुटवर सरकायचं?"

मुलगी हसली. मी दोन्ही हेल्मेटं उचलली, एक आईच्या डोक्यावर बसवलं आणि हनुवटीखाली पट्टा लावून दिला. एक्क्याऐंशी वर्षांची आई त्या हेल्मेटात एखाद्या रागावलेल्या कासवासारखी दिसत होती.

माझे वडील गोल्फच्या मैदानात पुरलेले आहेत, म्हणजे पुरले तेव्हा ते मैदान नव्हतं. डोंगराच्या उतारावरचं ते गावाचं गायरान होतं, आणि वडील त्यावर गावाचे घोडे राखायचे. तिथेच त्यांना ठेवलं आणि भोवती काळ्या दगडांची छातीएवढी भिंत रचली. पुढे गावकमिटीनं गायरान विकलं. थडगी हलवता येईनात, म्हणून क्लबानं ती तशीच ठेवली आणि भोवतीनं मैदान केलं. आता भिंतीबाहेरचं गवत मशीन रोज कापतं, आणि भिंतीच्या आतलं आम्ही वर्षातून एकदा.

उन्हाळा सरला, आठवा चांद्र महिना लागला की कोरियातल्या आमच्या जेजू बेटावर थडग्यांवरचं गवत काढतात. त्या दिवशी मुलगा कुठेही असो, घरी येतो. जपानहून येतात, जहाजावरून सुट्टी काढून येतात. जो येत नाही त्याचं नाव गावात वर्षभर चघळलं जातं. आमच्या घरचं नाव बरीच वर्षं चघळून त्याचा आता चोथा झाला होता.

मान्होदादा सेऊलला असतो. लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत मोठा अधिकारी आहे. त्याला दोन आकडे पाठ आहेत.

"हेरान, तू अशी बोलतेस जसा काही मी अमेरिकेत आहे," तो फोनवर म्हणायचा. "साडेचारशे किलोमीटर! विमानानं एक तास दहा मिनिटं! त्यातही हवेत म्हणशील तर पन्नासच. आईला जरा काही झालं ना, तर तू फोन ठेवायच्या आत मी दारात असेन."

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तो एक तास दहा मिनिटांवर होता. वादळानं छप्पर उडालं, भर पावसात मी आणि माझा नवरा ताडपत्री धरून उभे होतो, तेव्हाही तो तेवढ्याच अंतरावर होता. दादा इतका जवळ राहायचा की त्याला यायची कधी गरजच पडली नाही.

मी हाल्लिमच्या बंदरावर मासळीच्या सोसायटीत काम करते. लाल तिलापट मासा उभा चिरायचा, मीठ लावायचं, बर्फात भरायचा. मी पहाटे चिरलेला मासा दुपारी सेऊलच्या ताटात असतो. मेलेला मासा न चुकता रोज विमानात बसतो. धडधाकट माणसाला मात्र जागा मिळत नाही.

यंदाही मिळाली नाही. "सगळी विमानं भरलीत गं," तो म्हणाला. "त्या शनिवार-रविवारी अख्खं सेऊल तिकडे येतंय."

"सगळे येतायत ना? मग त्या सगळ्यांना जागा कशी मिळाली?"

"तुझं हे असं असतं. बरं, आईला दे."

आईनं फोन कानाला लावला, त्याचे दोन्ही आकडे ऐकून घेतले आणि म्हणाली, "व्हय बाबा. लई जवळ हाय. मला तर तुजं घोरनं बी ऐकू येतंय." आणि फोन माझ्या हातात दिला.

आई एकदाच विमानात बसली आहे, त्याच्या लग्नाला जाताना. परत आली तेव्हा गावातल्या बायकांनी विचारलं, कसं असतं? आई म्हणाली, "काय न्हाई. रस प्यायला देत्यात आन् पेला रिकामा व्हायच्या आत उतरा म्हनत्यात." तोवर तिला वाटायचं की सेऊल खरोखरच लांब आहे. तिनं तसंच धरलं होतं, कारण पोरगा येत नव्हता. त्या दिवशी पेला हातात असतानाच तिला सगळं कळलं असावं. आई समुद्रात बुडी मारून शंख-शिंपले काढायची. थंडीतही. दादाच्या कॉलेजची चार वर्षं आईनं पाण्याखाली काढली.

तर त्या रविवारी वादळाची शेपटी बेटावरून गेली आणि गवत काढायचं राहिलं. माझा नवरा बोटीवर गेलेला, तो महिनाभर येणार नव्हता. आम्ही दोघींनी पुढच्या शनिवारी जायचं ठरवलं. दादाला कळवलं नाही. कळवून काय, पुन्हा तेच दोन आकडे.

लग्न झालेल्या मुलीनं बापाच्या थडग्याला विळा लावायचा नसतो, असं गावातली म्हातारी माणसं म्हणतात. आई म्हणते, "गवताला काय कळतंय, पोरगा कापतोय का पोरगी?" मशीन मात्र ती आणू देत नाही. "माज्या नवऱ्याच्या डोक्यावर फटफटी फिरवायची न्हाई."

क्लबानं आम्हाला छोट्या बॅटरीच्या गाडीतून थडग्यापाशी सोडलं आणि नऊच्या आत आटपा म्हणून सांगितलं. आईनं ऐकलं आणि सोडून दिलं. ती बसकण मारून कापत होती आणि वडिलांशी बोलत होती. गुडघ्याचं, पेरूएवढ्या धरलेल्या संत्र्यांचं, शेजारणीच्या सुनेचं. मी गवताचे भारे भिंतीबाहेर टाकत होते. कापून झालं तेव्हा उन्हं वर आली होती. थडग्याचा उंचवटा नुकत्याच हजामत केलेल्या डोक्यासारखा गोल दिसू लागला. आम्ही दगडावर कागद पसरला, त्यावर भाजलेला तिलापट, फळं, आणि कुट्टूच्या पिठाची धिरडी मांडली. आत मुळ्याचं सारण भरलेली ही धिरडी वडिलांना आवडायची. पेल्यात तांदळाची दारू ओतली. गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून दोनदा नमस्कार केला. हेल्मेटाचं टोक दर वेळी दगडावर ठक् करून आपटलं.

तेवढ्यात भिंतीवर खाडकन काहीतरी आदळलं आणि उसळून आत आलं. पांढरा बॉल. घरंगळत घरंगळत माशाच्या ताटलीपाशी येऊन थांबला.

"बघ," आई म्हणाली, "परसाद मागाय आला."

पलीकडून माणसांचे आवाज आले. दोघं जण उतारावरून येत होते. मागचा म्हातारा, जाडसर, चौकड्यांची टोपी घातलेला. पुढचा गुलाबी शर्टातला, एका हातात पांढरा मोजा, एक खांदा खाली पाडून चालणारा. चेहरा दिसायच्या आधीच मी तो खांदा ओळखला. माझ्या हातातला विळा तसाच राहिला.

तो भिंतीपाशी आला. त्याला दोन हेल्मेटं आणि दोन नारिंगी जाकिटं दिसली असणार, दुसरं काही नाही.

"आजी," तो सेऊलच्या गोड बोलीत म्हणाला, "इकडे एक बॉल आला का हो?"

आईनं मान वर केली.

दादा जागच्या जागी थिजला. मग त्याची नजर माझ्याकडे आली, मग थडग्यावरच्या दगडाकडे, मग परत आईकडे. अजूनही त्याच्या हातात सगळं होतं. ती छातीएवढी भिंत ओलांडायला एक टांग पुरली असती.

"मिळाला का, बू?" आमच्या आडनावानं हाक मारत मागून म्हातारा धापा टाकत आला.

दादानं ओठांवरून जीभ फिरवली. "मिळतोय, साहेब," तो म्हणाला. "आजी बघतायत."

पहिली आजी मी त्याला माफ केली असती. ही दुसरी होती.

मी तोंड उघडलं. आईनं माझ्या मांडीवर हात ठेवला आणि दाबला. मग ती बोलली. आयुष्यभर बेटाची बोली बोललेली माझी आई टीव्हीवरच्या बायकांसारखी स्वच्छ सेऊलची भाषा बोलली.

"हा घ्या, साहेब. तुमचाच असेल." तिनं बॉल जाकिटाला पुसला आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला.

दादानं मोजा घातलेल्या हातानं तो घेतला. म्हातारा तोवर भिंतीशी पोचला होता. आतली ताटली, पेला पाहिला आणि त्यानं झटकन टोपी काढली. "अरेरे. तुमचा विधी चालू होता. माफ करा हं, आजी. माझाच बॉल होता, वाकडा गेला."

"असू द्या, साहेब. माणूस घोड्यांत वावरलेला होता. त्याला आवाजाचं काही वाटत नाही."

"यजमान का तुमचे?"

"हो. पंचेचाळीस वर्षं झाली."

म्हातारा दगडावरची अक्षरं वाचू लागला. "बू... अहो, हे पण बू! बू, तुमच्यातलेच निघाले की हे!"

"इकडे पुष्कळ असतात, साहेब," दादा म्हणाला. "निम्मं बेट बू आहे."

"आमचे हे बू साहेबही इथलेच, आजी," म्हातारा आईला कौतुकानं सांगू लागला. "फार गुणी माणूस. लहानपणीच आईवडील गेले बिचाऱ्याचे. कुणाचा आधार नाही. एकट्याच्या बळावर शिकला, वर आला. मीही अनाथच वाढलो, म्हणून मला त्याची किंमत कळते."

मैदानावर लांब कुठेतरी कुणीतरी चांगला फटका मारला असावा, टाळ्या वाजल्या. आई दादाकडे बघत होती. अंगणात आलेल्या परक्या कुत्र्याकडे बघावं तसं, ना राग, ना लोभ.

"वाईट झालं," आई म्हणाली. "आई कधी गेल्या तुमच्या, साहेब?"

दादाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणी खोटं बोलताना व्हायच्या तशाच. "झाली... पुष्कळ वर्षं झाली."

"काय झालं होतं त्यांना?"

"आजी, मला नीटसं आठवत नाही. मी लहान होतो."

"हो. लहान मुलांना काय आठवणार."

म्हाताऱ्यानं उसासा टाकला. "तुम्हाला मुलं, आजी?"

"ही मुलगी. आणि एक मुलगा आहे, सेऊलला."

"मग आज आला नाही?"

"लांब पडतं त्याला," आई म्हणाली.

"लांब कसलं!" म्हातारा उसळला. "आम्ही सकाळचा नाश्ता सेऊलला केला आणि नवाच्या आत इथे उभे आहोत. तासाभराचं तर विमान. सांगा, बू, किती लागतो वेळ?"

दादा हातातला बॉल पुसू लागला.

"किती हो?" आईनं विचारलं. "आम्ही खेडवळ माणसं, आम्हाला काय कळतंय. सांगा ना साहेब."

"एक तास... दहा मिनिटं," दादा म्हणाला. जन्मभर फोनवर ठणकावून सांगितलेला आकडा, त्या दिवशी त्याच्या तोंडातून दात पडल्यासारखा पडला.

"इतकंच?" आई म्हणाली. "मग माझ्या मुलाचं सेऊल वेगळं असेल."

"अशी असतात मुलं," म्हातारा मान हलवत म्हणाला. मग त्यानं एक गोष्ट केली, ती मी विसरणार नाही. हातातली काठी भिंतीला टेकवली, बूट काढले आणि तो सत्तरीचा जाड माणूस कण्हत कण्हत भिंत चढून आत आला. "बॉल माझा होता. माफी मागितली पाहिजे," म्हणाला. आणि ओल्या गवतावर गुडघे टेकून त्यानं माझ्या वडिलांना दोनदा नमस्कार केला. उठताना माझा हात धरावा लागला.

"बू, या. तुमच्या आडनावाचे आहेत. तुम्हाला तर स्वतःच्या बापाचं थडगंही नाही म्हणता. यांनाच करा."

दादा आत आला. वडिलांच्या पुढ्यात वाकला. पहिल्यांदा वाकला तेव्हा त्याची पाठ गुलाबी शर्टाखाली हलत होती, दुसऱ्यांदा तो जरा जास्त वेळ खाली राहिला. मला काही वाटलं नाही. परक्याच्या सांगण्यावरून आपल्या बापाच्या पाया पडणाऱ्याबद्दल काय वाटायचं?

आईनं म्हाताऱ्याला पेला भरून दिला. मग दादालाही दिला, दोन्ही हातांनी, पाहुण्याला देतात तसा. "घ्या, साहेब." थोरामोठ्यांसमोर पिताना तोंड बाजूला वळवायचं असतं. दादानं वळवलं. ते त्याला आईनंच शिकवलं होतं.

परत आल्यावर काउंटरवर हेल्मेट काढून ठेवताना आई त्या मुलीला म्हणाली, "बरं केलंस बाई दिलंस ते. लागला असता."

संध्याकाळी आईनं चूल पेटवली. सकाळचं अन्न होतं, तरी तिनं नवीन पीठ भिजवलं, नवी धिरडी घातली, जाडजूड तिलापट निवडून भाजला. मला वाटलं, आम्हा दोघींसाठी. मग तिनं डबा काढला आणि सगळं त्यात नीट भरलं.

"हे कुणाला गं?"

"येईल त्याला," आई म्हणाली.

अंधार पडता पडता गल्लीत भाड्याची पांढरी गाडी येऊन थांबली. दादा उतरला. गुलाबी शर्टावर कोट चढवला होता. तो फाटकापाशीच उभा राहिला. मी बाहेर गेले, फाटक उघडलं नाही.

"हेरान, तुला माहीत नाही," तो कुजबुजत म्हणाला. "या डिसेंबरात मला काढणार होते. सकाळी बरोबर होते त्या प्यो साहेबांनी शब्द टाकला म्हणून दोन वर्षं मिळतायत. त्यांना मी... आता कसं सांगणार होतो? वीस वर्षांपूर्वी मुलाखतीत बोलून गेलो. त्यांना स्वतःच्या बळावर वर आलेली माणसं आवडतात."

"स्वतःच्या बळावर?" मी म्हणाले. "समुद्रात तू उतरायचास का?"

"तुला सोपं आहे बोलायला."

"आई म्हणायचं होतंस दादा. दोनच अक्षरं. पुढचं आम्ही निभावून नेलं असतं. म्हातारा वाईट नव्हता. तुझ्याहून तर नव्हताच."

"मी तिला समजावतो. मला आत तर येऊ दे."

"तू काय समजावणार? ती मेलीय ना?"

त्यानं तोंडावरून हात फिरवला. छप्पन्न वर्षांचा माणूस, डोक्याचे केस काळे केलेले, आमच्या फाटकाच्या कडीशी बोटं चाळवत उभा होता. मला त्याची कीव यायला हवी होती. पण आली ती फक्त शिसारी.

पायरीवर आईची पावलं वाजली. ती हळूहळू आली, गुडघ्यावर एक हात ठेवून. दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेला डबा होता.

"आई—" दादा म्हणाला.

"हे तुमच्या साहेबांना द्या," आई त्याच स्वच्छ भाषेत म्हणाली. "परक्या माणसासाठी त्या वयात भिंत चढून वाकले. सांगा, थडग्यावरच्या बाईनं पाठवलंय. गरम आहे, खालून धरा."

"आई, अगं माझं ऐक तरी—"

"किती वाजता आहे विमान?"

त्यानं कडीवरची बोटं काढून घेतली.

"निघा मग. उशीर होईल. तुम्हाला लांब जायचंय."

फाटकावरून तिनं डबा दिला आणि तो त्याच्या हातात नीट बसेपर्यंत स्वतःचा हात खाली धरून ठेवला. मग वळली आणि आत गेली. दादा डबा धरून उभा होता. मीही आत गेले.

अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करायच्या राहिल्या होत्या. त्या पोत्यात भरून शेजारणीची टोपली परत द्यायला मी गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. पांढरी गाडी तिथेच होती, झाडाखाली. गेलीच नव्हती. आतला दिवा लागलेला होता. दादा स्टिअरिंगमागे बसला होता, मांडीवर फडकं पसरलेलं, त्यावर डबा उघडा. तो धिरडी खात होता. हातानंच, एकामागून एक, घास नीट न चावता. मग त्यानं मासा उचलला, काटे तोंडातून काढून एकेक करत डब्याच्या झाकणाच्या कडेला ओळीनं ठेवू लागला. कोट काढलेला नव्हता. बाह्यांना तेल लागत होतं. साहेबांच्या वाट्याचा मासा त्यानं शेपटीपर्यंत कोरून खाल्ला आणि मग बोटं चोखली.

मी टोपली दिली, परत आले.

आई कंदिलाएवढ्या दिव्याखाली बसून विळ्याची पाती तेलाच्या चिंधीनं पुसत होती.

"गेले का ते साहेब?" तिनं विचारलं.

"गेले," मी म्हणाले, आणि दुसरा विळा पुसायला घेतला.